दोन बिंदूंवरून रेषेचं समीकरण काढताना दोन वेगळी उत्तरं येतायत, ८ की १६??

अकरावीची_आई

नमस्कार सगळ्यांना. मी स्वतः आर्ट्सची, बारावीनंतर गणिताशी संबंध फक्त भिशीच्या हिशोबापुरता, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, गणितात मार्क चांगले होते, आता अकरावी सायन्स आणि सगळं इंग्लिशमधे, आणि ती सरळ रेषेच्या धड्यात अडकून बसलीये. दहावीला जो 'चढ' शिकली तोच इथे स्लोप म्हणून आलाय हे कळायलाच तिचे दोन दिवस गेले.

गणित असं आहे. ए (२, ३) आणि बी (−४, ६) ह्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. चढ −१/२ आला, इथपर्यंत पुस्तकाशी जुळतंय. पुढे क्लासमधे सांगितलं की दोन्हीपैकी कुठलाही एक बिंदू घ्या, चालतं. म्हणून हिने दोन्ही घेऊन बघितले. ए घेतला तर एक्स + २वाय = ८ येतं. बी घेतला तर एक्स + २वाय = १६. तिने बी चं केलंय ते असं:

वाय − ६ = −१/२ (एक्स − ४)
२वाय − १२ = −एक्स + ४
एक्स + २वाय = १६

आता ती म्हणते कुठलाही चालतो म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर असणार, आणि मला ते काही केल्या पटत नाहीये पण का पटत नाहीये ते सांगता येत नाही, रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि आमचं दोघींचं वाजलंय.

अजून एक. (३, १) आणि (३, ५) ह्यांचा चढ तिने ० लिहिला होता, त्यावर नुसती फुली आहे, शेरा नाही काही नाही. तो का चुकला?

---

खडूफळा

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, मग उत्तरं दोन कशी येतील? कुठलाही बिंदू घेतला तरी शेवटी समीकरण तेच यायला हवं. आणि मुलीने दोन्ही घेऊन बघितले ह्याबद्दल तिची पाठ थोपटा, तीस वर्षं शिकवलं मी, आपणहून असं करून बघणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

आता कोणतं बरोबर ते मी सांगत नाही, समीकरणालाच विचारू. रेषेवरचा बिंदू समीकरणात घातला की दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, एवढीच अट. ए घाला, २ + २×३ = ८. बी घाला, −४ + २×६ = ८. म्हणजे ८ वालं दोघांनाही चालतंय. १६ वाल्यात ए पण बसत नाही आणि गंमत म्हणजे ज्या बी वरून ते काढलं तो बी पण बसत नाही!

मग चुकलं कुठे? मी मुलांना सांगायचो की चुकलेलं उत्तर लगेच खोडू नका, आधी ते काय म्हणतंय ते वाचा. दोन्ही उत्तरांत डावी बाजू तीच आहे, एक्स + २वाय, बदललाय फक्त उजवीकडचा आकडा. डावी बाजू तीच म्हणजे चढ तोच, म्हणजे ह्या दोन रेषा समांतर आहेत. म्हणजे चढ काढण्यात चूक नाही, बिंदू घालण्यात आहे. आता १६ वाली रेषा कुठून जाते बघा, (४, ६) घालून बघा, ४ + १२ = १६, बरोब्बर बसतं. आपला बी होता (−४, ६). म्हणजे पोरीने बी च्या ऐवजी वाय अक्षाच्या आरशात दिसणारा बी घेतला :)

सूत्रात एक्स वजा बिंदूचा एक्स असं आहे. बिंदूचाच एक्स −४ असेल तर एक्स − (−४), म्हणजे एक्स + ४. तिने ते वजा चार बघितलं, सूत्रातलं वजा बघितलं, आणि दोन वजांचं एकच वजा करून टाकलं. ह्यावर उपाय एकच, ऋण संख्या घालताना कंस लिहायचाच, कितीही कंटाळा आला तरी. नीट केलं तर २वाय − १२ = −एक्स − ४, म्हणजे एक्स + २वाय = ८.

दुसऱ्या प्रश्नाचं. चढ म्हणजे वायच्या फरकाला एक्सच्या फरकाने भागायचं. (३, १) आणि (३, ५) मधे वायचा फरक ४, एक्सचा फरक ०. शून्य खाली आलंय, वर नाही. शून्याने भागता येत नाही, त्यामुळे ह्या रेषेचा चढ ठरवता येत नाही, तो शून्य नव्हे. शून्य चढ आडव्या रेषेचा, ही तर सरळ उभी भिंत आहे. समीकरण मात्र निघतं, आणि सगळ्यात सोपं निघतं, एक्स = ३. बस. त्यात वाय कुठेच नाही कारण वाय काहीही असला तरी चालतो. (नुसती फुली मारण्याबद्दल मी काही बोलत नाही, पेपरांचे गठ्ठे मीही तपासलेत.)

---

सीईटी_वाला_पोऱ्या

सरांचं सगळं बरोबर पण एवढं लिहीत बसलं तर सीईटीला वेळ पुरणार नाही. गणिताचा पेपर ५० प्रश्न १०० मार्क ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं पण नाहीत, आणि कॅल्क्युलेटर नाही. १० प्रश्न अकरावीवर येतात आणि सरळ रेषा त्या अकरावीच्या यादीत आहे, त्यामुळे तिला सांगा धडा सोडू नको.

मी काय करतो, चढ −१/२ आला की डायरेक्ट डावी बाजू लिहायची, एक्स + २वाय. मग त्यात बिंदू घालायचा, २ + ६ = ८, झालं समीकरण. दुसरा बिंदू घालून चेक, −४ + १२ = ८, टिक. तो वाय वजा वाय वन वाला फॉर्म्युला लिहायचाच नाही म्हणजे ते दोन वजांचं झंझटच नाही, वीस सेकंदात खेळ खल्लास.

---

खडूफळा

पद्धत चांगली आहे रे, मीही हीच सांगतो, पण डावी बाजू कशी लिहिली ते पण सांग की. चढ ३/४ असेल तर? तिथे पोरं ३एक्स + ४वाय लिहून मोकळी होतात. ३एक्स − ४वाय पाहिजे. एक्स आणि वाय एकाच बाजूला असले की चढ काढताना एक वजा बाहेरून येतो, एक्सचा सहगुणक भागिले वायचा सहगुणक आणि त्याच्या अलीकडे वजा. ३एक्स − ४वाय + ८ = ० ह्या रेषेचा चढ विचारला तर अर्धा वर्ग ३ सांगतो, कारण वाय = एमएक्स + सी मधे एक्सला चिकटलेला आकडा म्हणजे चढ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ते वाय एकटा असेल तेव्हा! इथे वाय एकटा करा, ४वाय = ३एक्स + ८, वाय = ३/४ एक्स + २. आता चढ ३/४ (तो एम) आणि रेषा वाय अक्षाला २ वर कापते (तो सी).

---

अकरावीची_आई

बापरे एवढी उत्तरं! सर खूप खूप धन्यवाद, आरशातला बी वाचून ती हसत सुटली आणि लगेच वहीत कंस घालून परत केलं, आलं ८. एक्स = ३ पण पटलं.

आता ती विचारतेय (मी फक्त टाइप करतेय) की चढाचा आकडा काढता येतो पण तो आकडा सांगतो काय? −१/२ म्हणजे काय समजायचं? दहावीला पण नुसतं सूत्र पाठ केलं होतं म्हणे. आणि माझा भाऊ अमेरिकेत आहे, त्याच्या मुलाच्या वहीत वाय = एमएक्स + बी लिहिलंय, आपल्याकडे सी. तो वेगळा फॉर्म्युला आहे का?

---

मीटर_डाऊन

बी आणि सी एकच, तिकडे बी लिहायची पद्धत आहे एवढंच. अक्षराला काही अर्थ नाही, 'भ' लिहिलं तरी चालेल.

चढ म्हणजे काय ह्याला माझं उत्तर रिक्षा. मी मुंबईत रोज रिक्षाने जातो, १ फेब्रुवारी २०२५ पासून भाडं काय झालं, पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. आता एक्स अक्षावर किलोमीटर घे, वाय अक्षावर रुपये. दीड किलोमीटरपर्यंत रेषा २६ वर आडवी पडलेली, चढ शून्य, तू दोनशे मीटर गेलीस काय आणि दीड किलोमीटर गेलीस काय २६ च. त्याच्यापुढे रेषा वर जायला लागते आणि तिचा चढ १७.१४. म्हणजे एक्स एकाने वाढला की वाय कितीने वाढतो, हाच चढ. रेट. तुझ्या गणितात −१/२ आहे म्हणजे एक्स एकाने पुढे सरकला की वाय अर्ध्याने खाली येतो.

आता ह्याचं समीकरण काढून बघ, बिंदू (१.५, २६) आणि चढ १७.१४.

वाय − २६ = १७.१४ (एक्स − १.५)
वाय = १७.१४एक्स + ०.२९

तो शेवटचा २९ पैसे बघ. मी पहिल्यांदा हे काढलं तेव्हा मला वाटत होतं सी चांगला दहा-पंधरा रुपये येईल, बसल्याबसल्या घेतात म्हणून. पण १७.१४ गुणिले दीड म्हणजेच २५.७१ होतात, ते वर नेऊन २६ केलेत. म्हणजे किमान भाडं हे वेगळं काही लावलेलं नाहीये, त्याच रेटने दीड किलोमीटरचे पैसे आधीच घेतात आणि रुपया पूर्ण करतात. टॅक्सीचं तर अजून भारी आहे, ३१ रुपये आणि पुढे २०.६६, तिथे सी येतो फक्त १ पैसा. रेषा जवळजवळ आरंभबिंदूतून जाते, फक्त सुरुवातीचा तुकडा कापून तिथे आडवी पट्टी ठोकलीये. म्हणून जवळच्या भाड्याला आपल्याला लुटल्यासारखं वाटतं आणि लांबच्या भाड्याला काहीच वाटत नाही. (जवळच्या भाड्याला ते येतच नाहीत हा वेगळा धागा होईल.)

---

कर्जत_ते_लोणावळा

रिक्षाचं छान सांगितलंत. पण चढ हा शब्द मूळचा आमचा, म्हणजे घाटवाल्यांचा. मी रेल्वेतून रिटायर, घाटात बरीच वर्षं काढली. भोर घाट काय नि कसाऱ्याचा थळ घाट काय, दोन्हीकडे चढ १ इन ३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. तुमच्या भाषेत १/३७, दशांशात साधारण ०.०२७. एक किलोमीटर गाडी गेली की २७ मीटर उंची चढली.

आता बाळ तू कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स (चढावरून कोन काढायचं बटण, चढ म्हणजे कोनाचा टॅन) करून बघ ०.०२७ चा. दीड डिग्री येईल, जेमतेम. कंपासपेटीतल्या कोनमापकावर दीड डिग्री दाखवता पण येत नाही धड. आणि एवढ्याशा चढासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावावी लागतात ढकलायला, ती लोणावळ्याला काढतात. तिकडे कसारा ते इगतपुरी तोच प्रकार. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, पकड ती किती असणार. माथेरानची छोटी गाडी १ इन २० ने चढते, म्हणजे ०.०५, ती आमच्यापेक्षा जवळपास दुप्पट. आणि व्हीलचेअरच्या रॅम्पला १ ला १२ पेक्षा जास्त चढ देऊ नये असा नियम आहे, तो तर ०.०८३. माणसाला जो चढ सोसतो तो आमच्या मेलगाडीला अजिबात झेपणार नाही. त्यामुळे चढाचा आकडा लहान आला म्हणून त्याला हसू नये.

आणि उतारासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे, गणितात तो पण चढच, फक्त ऋण. लोणावळ्याहून खाली येताना तीच लाईन, तोच रूळ, पण −१/३७. दिशा कोणती धरली त्यावर सगळं.

---

खडूफळा

काका, तुमचा शेवटचा मुद्दा शाळेच्या पेपरात एका ठिकाणी घोटाळा करेल म्हणून टोकतो, राग नसावा. रेषेचा चढ काढताना ए कडून बी कडे गेलात काय किंवा बी कडून ए कडे आलात काय, उत्तर तेच. वरचा फरक उलटला की खालचा पण उलटतो. ह्याच गणितात (६ − ३) / (−४ − २) = ३/−६, उलटं केलं तर (३ − ६) / (२ + ४) = −३/६, दोन्ही −१/२. आलेखात एक्स नेहमी डावीकडून उजवीकडेच वाढतो, गाडीसारखा परत फिरत नाही. मुलं चुकतात ती वर बी वजा ए करून खाली ए वजा बी करतात तेव्हा.

---

कर्जत_ते_लोणावळा

बरोबर आहे सर. रुळाला दिशा नसते, गाडीला असते.

---

शून्याने_भागा

उभ्या रेषेचा चढ 'ठरवता येत नाही' हे शाळकरी उत्तर झालं, टॅन ९० म्हणजे इन्फिनिटी, चढ अनंत असतो असं सरळ सांगा ना मुलांना, उगाच घाबरवताय कशाला.

---

खडूफळा

कुठला अनंत, धन की ऋण? ते आधी सांगा. (३, १) तसाच ठेवा आणि दुसरा बिंदू जरासा उजवीकडे घ्या, (३.००१, ५). चढ ४ भागिले ०.००१, म्हणजे ४०००. आता जरासा डावीकडे घ्या, (२.९९९, ५). चढ −४०००. अजून जवळ या, एकीकडून ४ लाख, दुसरीकडून वजा ४ लाख. दोघं एकाच उभ्या रेषेकडे चाललेत पण एक आकाशाला आणि एक पाताळात. मधल्या रेषेला ह्यातला कुठला आकडा द्यायचा? कुठलाच देता येत नाही, म्हणून ठरवता येत नाही. शाळकरी उत्तर आहे खरं, पण बरोबर आहे, आणि पेपरात अनंत लिहून मार्क गेले तर भांडायला तुम्ही येणार का?

---

शून्याने_भागा

ओके धन आणि ऋणचा पॉइंट मान्य. भांडायला आलो असतो पण.

---

अकरावीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, दीड डिग्रीचं तिने खरंच मोबाईलवर करून बघितलं आणि आता कसारा घाटातून जाताना मला गणित ऐकावं लागणार आहे. आजचा एक शेवटचा प्रश्न. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो ना, म्हणून तिने −१/२ च्या रेषेला (२, ३) मधूनच लंब काढला, चढ २, समीकरण २एक्स − वाय = १. बिंदू घालून पण बघितला, ४ − ३ = १, बसतोय. पण आलेख कागदावर दोन्ही रेषा काढल्या तर काटकोन दिसतच नाहीये! कोनमापक लावला तर ५९ की ६०. मग चुकलं कुठे?

---

सीईटी_वाला_पोऱ्या

ताई आलेखाचं प्रमाण काय घेतलंय? दोन्ही अक्षांवर सेम आहे का?

---

अकरावीची_आई

एक्स वर १ सेमी = १ एकक, वाय वर १ सेमी = २ एकक. कागदावर मावत नव्हतं म्हणून.

---

खडूफळा

सापडला चोर. तिचं गणित शंभर टक्के बरोबर आहे, कागद खोटं बोलतोय. वाय अक्ष अर्धा दाबला की कागदावर चढ २ चा दिसतो १, आणि −१/२ चा दिसतो −१/४. एक ४५ अंश वर, दुसरी साधारण १४ अंश खाली, मिळून ५९. कोनमापकाने जे सांगितलं तेच. दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच घेऊन काढा, काटकोन दिसेल. समांतर रेषा मात्र कसंही प्रमाण घेतलं तरी समांतरच राहतात, बिचाऱ्या काटकोनाचंच तेवढं असं होतं.

गुणाकार −१ च का, ते पण सांगतो, पुस्तकात टॅनवरून सिद्ध करतात पण हाताने बघितलं की विसरत नाही. गुण्या घे, ३०-६० वाला. तो कागदावर ठेव आणि त्याचा काटकोन आहे तिथे पेन्सिल टेकवून नव्वद अंशात फिरव. जी बाजू आधी आडवी होती ती उभी झाली, जी उभी होती ती आडवी झाली. म्हणजे वर किती आणि पुढे किती ह्यांची अदलाबदल झाली, आणि दोघांतल्या एकाची दिशा उलटली. २ पुढे १ खाली होतं, ते १ पुढे २ वर झालं. −१/२ चे झाले २. अदलाबदल म्हणून व्यस्त, दिशा उलटली म्हणून चिन्ह बदललं.

झोपायच्या आधी एक करून बघ: (−३, ५) आणि (१, −३). उत्तर २एक्स + वाय = १. कंस विसरू नको.

---

अकरावीची_आई

सर नमस्कार, मी तिची आई नाही, मीच आहे, आई झोपली. मी तीन वेळा केलं, माझं २एक्स + वाय = −१ येतंय. मग तुमच्या समीकरणात बिंदू घालून बघितले, −६ + ५ = −१ आणि २ − ३ = −१. तुमच्या १ मधे एकही बसत नाही. चढ तुमचा पण −२ च आहे त्यामुळे तुमची रेषा माझ्या रेषेला समांतर आहे. तुम्ही पण वजा विसरलात का?

---

खडूफळा

विसरलो गं. −१ च. मोबाईलवर टाइप करताना वजा कुठे गेलं काय माहीत, की डोक्यातच गेलं होतं. वरचं उत्तर खोडत नाही, राहू दे तसंच.

---

कर्जत_ते_लोणावळा

सर, गाडी परत घ्या, सिग्नल लाल आहे 😄